वाडीपर्यंत फायबर: टाकण्याचा खर्च आणि टिकवण्याचा खर्च

कातळसडा

नमस्कार. दापोली तालुक्यातल्या आमच्या गावात ग्रामपंचायतीच्या कार्यालयापर्यंत फायबर आलेले आहे. तिथून पुढे पाच वाड्यांपर्यंत ते कसे न्यायचे, हा विषय गेले वर्षभर ग्रामसभेत निघतो आणि ‘कंपनी आणेल तेव्हा बघू’ या वाक्याशी थांबतो. मी 2020 साली गावी आलो तो इथेच राहिलो आणि पुण्यातली नोकरी घरूनच करतो. त्या वर्षी 3 जूनला निसर्ग वादळ आले, विजेचे खांब आडवे झाले, आणि पुढचे कित्येक आठवडे फोनला रेंज मिळावी म्हणून आम्ही सड्यावर चढून जात होतो. त्यामुळे हा प्रश्न माझ्यासाठी केवळ सोयीचा नाही.

कंपनीची वाट पाहण्याऐवजी स्वतः हिशेब मांडून पाहावा असे ठरवले. गावात 140 घरे आहेत. पाचही वाड्या जोडायच्या तर एकूण मार्ग साधारण 6 किलोमीटरचा होतो. म्हणजे किलोमीटरमागे 23 घरे पडतात, आणि कोकणातल्या वस्तीच्या मानाने हे वाईट नाही. पण यातली जेमतेम 60 घरे बारमाही उघडी असतात. उरलेल्या 80 घरांची कुलपे गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात निघतात. उघड्या घरांचाच विचार केला तर किलोमीटरमागे 10 घरे उरतात.

खर्चाचे आकडे मी हिशेबापुरते धरले आहेत, चुकत असतील तर जाणकारांनी दुरुस्त करावेत. खांबांवरून तार नेली तर किलोमीटरला 60 हजार आणि जमिनीखालून नेली तर जांभा फोडावा लागत असल्यामुळे 3 लाख धरले. सहा किलोमीटरला अनुक्रमे 3 लाख 60 हजार आणि 18 लाख होतात. साठपैकी चाळीस घरांनी जोडणी घेतली तर घरामागे 9 हजार किंवा 45 हजार रुपये येतात. पहिला आकडा अवघड असला तरी विचार करण्याजोगा आहे, दुसरा मात्र आमच्या आवाक्याबाहेरचा आहे. हा खर्च कुणी आणि कसा उचलावा, आणि इतरत्र गावांनी काही मार्ग काढले असतील तर ते कोणते, हे जाणून घेण्यासाठी हा धागा काढला आहे.

तारवाला

मी तासगाव तालुक्यात केबल टीव्हीच्या दिवसांपासून या धंद्यात आहे आणि गेली काही वर्षे घरोघरी फायबर देतो. तुमचे आकडे ढोबळमानाने ठीक आहेत, पण तुमचा प्रश्न अर्धाच आहे असे मला वाटते. तार टाकण्याचा खर्च एकदाच करावा लागतो. ती तुटण्याचा खर्च दर महिन्याला येतो, आणि धंदा बसतो तो या दुसऱ्या खर्चाने.

आमच्याकडे गळीत हंगामात ऊस उंच भरलेल्या ट्रॉल्या रस्त्यावरून जातात आणि आडवी गेलेली तार ओढून नेतात. रस्त्याचे काम निघाले की जेसीबीचा पंजा जमिनीखालची तार उचलतो, आणि कोणता जोड कुठे आहे हे शोधण्यातच दिवस जातो. खारी आणि उंदीर घरापर्यंत येणारी बारीक वायर कुरतडतात. फायबरमधली काच विजेची वाहक नाही, पण तिला आधार देणारी लोखंडी तार आणि घरातला अडॅप्टर यांना पावसाळ्यात विजेचा फटका बसतो. घरातल्या यंत्रावर लाल दिवा लागला की ग्राहकाचा फोन येतो, आणि दोन दिवसांत तो दिवा विझला नाही तर त्या महिन्याचे पैसे येत नाहीत. पैसे मागणे मलाही बरोबर वाटत नाही, कारण सेवा मिळालेली नसते.

तार जोडायला स्प्लायसिंगचे यंत्र लागते आणि ते चालवणारा माणूस लागतो. ग्रामपंचायतीत बसवलेल्या मुख्य यंत्राला, म्हणजे ओएलटीला, अखंड वीज लागते. लाईट गेली आणि बॅटरी दमली तर पाचही वाड्या एकदम बंद पडतात. बॅटरी दोन-तीन वर्षांनी बदलावी लागते, आणि हा खर्च सुरुवातीच्या अंदाजपत्रकात कुणीच लिहीत नाही.

म्हणून तुमच्या 60 घरांचा स्वतंत्र हिशेब करूच नका असे मी सांगेन. समजा महिन्याला 399 रुपयांची योजना आहे आणि त्यातला निम्मा वाटा स्थानिक माणसाला मिळतो. चाळीस घरांमागे त्याच्या हाती महिन्याला आठ हजारांच्या आत रक्कम पडते, आणि सगळ्या साठ घरांनी जोडणी घेतली तरी ती बारा हजारांच्या आतच राहते. त्यातून तार, बॅटरी, पेट्रोल आणि एका माणसाचा पगार निघत नाही. पण शेजारची चार गावे मिळून अडीचशे जोडण्या झाल्या तर तीच रक्कम पन्नास हजारांच्या घरात जाते, आणि तेवढ्यात एक जाणता माणूस पूर्ण वेळ ठेवता येतो. माझ्या अनुभवात या धंद्याचा हिशेब गावाचा नसतो, माणूस मोटारसायकलवरून अर्ध्या तासात जिथवर पोहोचू शकतो तेवढ्या टापूचा असतो.

दूरध्वनी

दूरसंचार क्षेत्रातल्या नोकरीतून निवृत्त झाल्याला मला काही वर्षे झाली. तारवाला यांनी मांडलेला मुद्दा छोटा वाटला तरी देशपातळीवर नेमके हेच घडले आहे, म्हणून थोडी पार्श्वभूमी देतो.

राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळ्याच्या योजनेला ऑक्टोबर 2011 मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली. सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती जोडायच्या, असे उद्दिष्ट होते. पुढे तिचेच नाव भारतनेट झाले. तालुक्यापर्यंत सरकारी कंपन्यांचे फायबर आधीच होते. त्याचाच आधार घेऊन, तिथून पंचायतीपर्यंत जिथे तार नाही तेवढाच तुकडा नव्याने टाकायचा, म्हणजे पैसा वाचेल, असा विचार होता. हिशेब कागदावर बरोबर होता. मात्र त्यामुळे नवी तार जुन्या तारेच्या शेवटी लोंबकळत राहिली आणि जुनी तार कुठेही तुटली की पुढच्या सगळ्या पंचायती बंद पडू लागल्या. शिवाय योजना पंचायतीच्या दाराशी संपत होती. तिथून घराघरांत सेवा कंपन्या नेतील असे गृहीत धरले होते, आणि विरळ वस्तीत कंपन्या आल्या नाहीत.

दुसऱ्या टप्प्याला 2017 मध्ये मंजुरी मिळाली आणि त्यात काही राज्यांनी काम स्वतःकडे घेतले. महाराष्ट्रात ते महानेट या नावाने झाले. 2021 मध्ये इतर 16 राज्यांसाठी खाजगी भागीदारीचा मार्ग ठरला आणि तूट भरून काढण्यासाठी 19,041 कोटी रुपयांची तरतूद मंजूर झाली, तरीही निविदांना प्रतिसाद मिळाला नाही. सरकार एवढी तूट भरून द्यायला तयार असताना खाजगी कंपन्या पुढे येत नाहीत, याचा अर्थ त्यांना टाकण्याच्या खर्चापेक्षा पुढच्या पंचवीस-तीस वर्षांच्या उत्पन्नाची आणि निगेची चिंता जास्त होती, असे माझे मत आहे.

ऑगस्ट 2023 मध्ये सुधारित भारतनेट कार्यक्रम मंजूर झाला, आणि त्याचा आकडा 1,39,579 कोटी रुपये आहे. हा आकडा पाहून पुष्कळांनी आश्चर्य व्यक्त केले, पण त्यात केवळ तारेचा खर्च नाही. सरळ रेषेऐवजी वर्तुळाकार जाळे करायचे, म्हणजे एका बाजूने तार तुटली तरी दुसऱ्या बाजूने वाहतूक चालू राहील, आणि दहा वर्षांची देखभाल कंत्राटातच धरायची, हे त्यातले दोन मोठे बदल आहेत. पाच वर्षांत दीड कोटी ग्रामीण घरांना जोडणी देण्याचे लक्ष्य त्यातच आहे. देखभालीचा खर्च पहिल्या दिवसापासून खर्च म्हणून लिहायला आपल्याला बारा वर्षे लागली, ही गोष्ट मला आजही खुपते.

कातळसडा, तुम्ही स्वतः तार टाकायचा विचार करत असाल तर एक कायदेशीर बाजू लक्षात ठेवा. गावाने तार टाकून तीवरून इंटरनेट विकायचे तर परवाना लागतो, आणि नुसती तार दुसऱ्या परवानाधारकाला भाड्याने द्यायची म्हटली तरी नोंदणी लागते. त्यामुळे परवाना असलेल्या सेवादात्याचा स्थानिक भागीदार म्हणून काम करणे, हाच छोट्या गावासाठी व्यवहार्य रस्ता आहे.

जमाखर्च

मी व्यवसायाने सनदी लेखापाल आहे, त्यामुळे तांत्रिक बाजूत न शिरता आकड्यांपुरते बोलते.

या उद्योगात ‘दारावरून तार गेलेली घरे’ आणि ‘जोडणी घेतलेली घरे’ असे दोन आकडे असतात आणि चर्चा नेहमी पहिल्या आकड्यावर होते. खर्च मात्र पहिल्या आकड्यावर ठरतो आणि उत्पन्न दुसऱ्यावर. पुण्यातल्या एका सोसायटीत शंभर मीटर तारेवर ऐंशी घरे असतात, त्यातल्या वीस टक्क्यांनी जोडणी घेतली तरी कंपनीचे भागते. तुमच्या वाडीत शंभर मीटर तारेवर उघडे असे एकच घर येते. तिथे शंभर टक्क्यांनी जोडणी घेतली तरी शहरातल्या वीस टक्क्यांची बरोबरी होत नाही. गावाच्या इच्छाशक्तीने हे अंतर मिटणार नाही. म्हणूनच दूरसंचार कंपन्यांच्या समायोजित सकल महसुलातून, म्हणजे ठरावीक वजावटी सोडून उरणाऱ्या उत्पन्नातून, 5 टक्के रक्कम ग्रामीण सेवेसाठीच्या निधीत घेतली जाते, ज्याला 2023 च्या कायद्यानंतर डिजिटल भारत निधी म्हणतात. शहरातला ग्राहक आपल्या बिलातून खेड्याच्या तारेचा काही भाग भरतो, आणि ते योग्यच आहे. वीज आणि टपाल खेड्यात गेले तेही असेच गेले.

मोबाईल असताना फायबर कोण घेणार, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. 2016 नंतर मोबाईलचा डेटा इतका स्वस्त झाला की ग्रामीण घराची पहिली गरज भागली. देशात तारेने जोडलेले ब्रॉडबँड ग्राहक चार कोटींच्या आसपास आहेत आणि बिनतारी ग्राहक नव्वद कोटींच्या वर आहेत, त्याचे कारण हेच आहे. फायबरला उरलेल्या गरजेवर जगावे लागते. पण ही उरलेली गरज छोटी नाही. ग्रामीण उद्योजकांमार्फत जोडण्या देण्याचा जो पथदर्शी प्रयोग भारतनेटवर झाला, त्यात सुमारे 3,800 उद्योजकांनी साडेतीन लाख जोडण्या दिल्या आणि घरामागे महिन्याचा सरासरी वापर 175 जीबी निघाला. दिवसाला 2 जीबी देणारी मोबाईलची योजना 28 दिवसांत 56 जीबी देते. म्हणजे तेवढ्या वापराला तीन सिमकार्डे लागली असती. घरात शिकणारी दोन मुले आणि एक टीव्ही असेल तर फायबर महाग पडत नाही, स्वस्तच पडते. लोकांना 399 हा आकडा दिसतो, त्यावर 18 टक्के वस्तू आणि सेवा कर धरून ते 471 होतात हेही दिसते, पण घरातल्या तीन रिचार्जची बेरीज सहसा कुणी करत नाही.

तारवाला यांनी धरलेला निम्मा वाटा याच प्रयोगातला होता, त्यामुळे त्यांचे उदाहरण वास्तवाला धरून आहे.

कोयनाकाठ

पाटण तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत मी शिक्षक आहे. घराघरांत तार जाण्याची चर्चा चांगली आहे, पण गावातल्या संस्थांचा उल्लेख अजून कुणी केला नाही म्हणून लिहितो.

आमच्या शाळेला मध्यंतरी जोडणी मिळाली होती. पहिले वर्ष विनामूल्य होते. वर्ष संपल्यावर बिल आले तेव्हा ते कोणत्या खात्यातून भरायचे हेच ठरेना. शाळेच्या अनुदानात वीजबिल, खडू, दुरुस्ती सगळे बसवावे लागते, सादिल खर्चाची रक्कम वेळेवर येईलच असे नसते. दोन महिने मी आणि माझ्या सहकाऱ्याने पदरचे पैसे भरले, मग जोडणी बंद झाली. डबा अजून भिंतीवर आहे. मुलांनी त्या वर्षभरात जे पाहिले होते, दुसऱ्या जिल्ह्यातल्या शाळेशी पडद्यावर बोलणे, विज्ञानाचे प्रयोग, ते एकाएकी थांबले, आणि ‘गुरुजी, पुन्हा कधी?’ या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते.

मला सांगायचे आहे ते असे की शाळा, उपकेंद्र, पोस्ट, पतसंस्था, दूध संकलन केंद्र आणि सेवा केंद्र ही गावातली खात्रीची गिऱ्हाइके ठरू शकतात. ती बारमाही उघडी असतात, त्यांना कुलूप लावून कुणी मुंबईला जात नाही. ई-पीक पाहणी, सातबारा, निवृत्तिवेतनाची पडताळणी या सगळ्यांसाठी लोक तिथेच येतात. या संस्थांचे मासिक बिल ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात आगाऊ धरले तर तारवाला म्हणतात त्या मासिक उत्पन्नाला एक ठाम तळ मिळेल. मात्र ती रक्कम वर्षाच्या सुरुवातीला जमा झाली पाहिजे, नाहीतर आमच्या शाळेचेच पुन्हा घडेल.

आणखी एक विनंती. ज्या घरात महिन्याला पावणेपाचशे रुपये निघत नाहीत त्या घराचाही विचार व्हावा. पीएम-वाणी योजनेत गावातला दुकानदार आपल्या जोडणीवरून दहा-वीस रुपयांत वायफाय देऊ शकतो, आणि त्याला वेगळा परवाना लागत नाही. प्रत्येक वाडीत असे एक ठिकाण असावे.

उत्तरवारा

मी मूळची रत्नागिरीची, सध्या इंग्लंडमध्ये लँकेशायरच्या ग्रामीण भागात राहते. गावांनी मार्ग काढल्याचे उदाहरण मूळ लेखात विचारले आहे, आणि असे एक माझ्या घराच्या भिंतीपर्यंत आलेले आहे.

इथे 2011 साली गावकऱ्यांनी मिळून ‘ब्रॉडबँड फॉर द रूरल नॉर्थ’ नावाची संस्था काढली, तिला सगळे बीफॉरआरएन म्हणतात. मोठ्या कंपन्यांनी या डोंगराळ भागाकडे पाठ फिरवली होती. शहरापेक्षा इथला खर्च मुख्यतः रस्ता खोदून पुन्हा डांबर घालण्यामुळे वाढतो, म्हणून या लोकांनी तार रस्त्याने नेलीच नाही. ती शेतांमधून नेली. शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीतून तार जाऊ देण्याचे पैसे घेतले नाहीत, कित्येकांनी स्वतःच्या यंत्रांनी चर खोदले आणि त्या श्रमांच्या बदल्यात संस्थेचे समभाग घेतले. घरोघरी 1 जीबीपीएस वेग दोन्ही दिशांनी मिळतो, आणि सुरुवातीला महिन्याचा दर 30 पौंड ठेवला होता. आमच्या दगडी कुंपणाखालून नळी कशी घालावी यावर शेजारचे आजोबा तासभर बोलू शकतात, कारण ती त्यांनी स्वतः घातली आहे.

हे वाचताना मला आपल्याकडचे गडगे आठवतात. जांभ्याचा सडा फोडण्यापेक्षा गडग्याच्या कडेने मातीतून नळी नेणे स्वस्त पडेल का, हे कुणी तपासून पाहिले आहे का?

तारवाला

उत्तरवारा, उदाहरण छान आहे, पण सहकाराबद्दल माझ्या मनात शंका आहे. चर खोदायला सगळे येतात. पाचव्या वर्षी रात्री अकरा वाजता पावसात तुटलेली तार जोडायला कोण जाणार, हा प्रश्न सभासदांच्या यादीने सुटत नाही. तिथे पगार घेणारा माणूस लागतो, आणि पगारासाठी वसुली लागते. आपल्या माणसांकडून वसुली करणे किती कठीण आहे हे मी रोज पाहतो. आमच्याकडे ऊसबिल आले की लोक सहा महिन्यांचे पैसे एकदम देतात, मधल्या काळात तगादा लावून उपयोग नसतो. म्हणून मी वर्षाच्या योजनेवर एक महिना जास्त देतो आणि हंगामातच पैसे घेतो.

दूरध्वनी

तारवाला यांच्या शंकेला आपल्या राज्यातच दाखला आहे. मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्था नगर जिल्ह्यात चार दशके वीज वितरण करत होती. ग्रामीण विजेसाठी तो मोठा प्रयोग होता, आणि खेड्यांत वीज नेण्याचे काम तिने केले. पण घेतलेल्या विजेची देणी प्रचंड साचली आणि 2011 मध्ये वितरण महावितरणकडे गेले. जाळे उभारणे सहकाराला जमले, मासिक हिशेब जमला नाही. सहकार नको असे मी म्हणत नाही, पण तार कुणाची आणि वसुली कुणाची, या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात.

गडग्याच्या कडेने नळी नेण्याची कल्पना मला चांगली वाटते. खाजगी जमिनीतून जायचे तर प्रत्येक मालकाची लेखी संमती घ्या. कोकणात एका गडग्याला सात ते बारा वारसदार असतात आणि त्यातले निम्मे मुंबईत असतात, हे विसरू नका. सार्वजनिक रस्त्याच्या बाबतीत 2016 च्या मार्गहक्क नियमांनी जमिनीखालच्या तारेसाठीचे प्रशासकीय शुल्क किलोमीटरला 1 हजार रुपयांच्या आत बांधून दिले होते. खरा भार पडतो तो रस्ता पूर्ववत करण्याच्या रकमेचा. नवे नियम 1 जानेवारी 2025 पासून लागू झाले आहेत, अर्ज करण्याआधी ते पाहून घ्या.

जमाखर्च

वरचे सगळे वाचून मी कातळसडा यांच्या मूळ आकड्यांकडे परत गेले, आणि मला वाटते की ज्या बंद घरांना ते अडचण समजत आहेत ती घरेच या हिशेबात कामाला येतील.

कोकणातल्या बहुतेक गावांचे मुंबईत ग्रामस्थ मंडळ असते. देवळाचा जीर्णोद्धार असो की सभामंडप असो, वर्गणी तिथून येते. बंद घराचा मालक दर महिन्याला पैसे देणार नाही, कारण तो तिथे राहत नाही, आणि त्याच्याकडून ती अपेक्षा करणे बरोबरही नाही. पण एकरकमी रक्कम तो देऊ शकतो. उघड्या घरातला माणूस एकरकमी मोठी रक्कम देऊ शकत नाही, पण सेवा नीट मिळाली तर महिन्याचे पैसे देतो. म्हणजे टाकण्याचा खर्च मुख्यतः गैरहजर माणसांनी उचलावा आणि टिकवण्याचा खर्च हजर माणसांनी. 80 बंद घरांनी प्रत्येकी 3 हजार दिले तर 2 लाख 40 हजार होतात. 60 उघड्या घरांनी प्रत्येकी दीड हजार दिले तर 90 हजार. एकूण 3 लाख 30 हजार, म्हणजे खांबांवरून तार नेण्याच्या तुमच्या अंदाजाला फक्त 30 हजार कमी पडतात.

बंद घराला त्या बदल्यात काय मिळेल, हे स्पष्ट असावे. घरापर्यंत वायर ओढून ठेवलेली असेल आणि गणपतीत, शिमग्याला किंवा मे महिन्यात पंधरा दिवसांची जोडणी ठरावीक दरात लगेच सुरू होईल. पुष्कळ चाकरमानी सुट्टी वाढवून गावातूनच काम करू शकतील, आणि त्या दिवसांत ते जे पैसे देतील ते मासिक उत्पन्नात भर घालतील.

ही रक्कम देणगी म्हणून घेऊ नका. सेवा देणाऱ्या भागीदाराकडे ती अनामत म्हणून लेखी कराराने ठेवा आणि पुढच्या बिलांतून काही वर्षांत वळती करून घ्या. तार कुणाच्या मालकीची, किती तासांत दुरुस्ती झाली पाहिजे, आणि भागीदाराने काम सोडले तर तार कुणाकडे जाईल, ही तीन कलमे करारात नसतील तर मी माझ्या अशिलाला सही करू देणार नाही.

कातळसडा

आपणा सर्वांचे मनापासून आभार. बंद घरांकडे मी केवळ तोटा म्हणून पाहत होतो. जमाखर्च ताई, तुमची मांडणी आमच्या मुंबई मंडळाच्या सचिवांना वाचून दाखवली आणि त्यांनी पुढच्या बैठकीत विषय घेण्याचे कबूल केले आहे. तारवाला यांच्या सल्ल्याप्रमाणे शेजारच्या तीन गावांच्या सरपंचांशीही बोललो. चारही गावे मिळून उघडी घरे 260 भरतात. सगळ्यांनी जोडणी घेतली तरच अडीचशे होतील, आणि ते शक्य नाही. शाळा, डेअऱ्या, पतसंस्था आणि मोसमी जोडण्या धरून मी वर्षाची सरासरी 180 मानतो. त्याला स्थानिक वाटा महिन्याला छत्तीस हजारांच्या आत येतो. यात एक माणूस बसेल का, हे तारवाला यांनी सांगावे.

एक काळजी मात्र जात नाही. खांबांवरून नेलेली तार पुढच्या वादळात खांबांबरोबरच जाईल. ज्या दिवसांत फोनची सर्वांत जास्त गरज असते नेमके तेव्हाच ती नसेल. मागच्या वर्षी नळयोजनेच्या जलवाहिनीसाठी तीन वाड्यांपर्यंत चर खोदला गेला तेव्हा त्यात एक रिकामी नळी टाकली असती तर निम्मा प्रश्न तिथेच सुटला असता. ठेकेदाराला सांगायचे कुणालाच सुचले नाही, मलाही नाही, आणि याची मला खंत आहे.

आणखी एक शंका. गणपतीत 140 घरे एकदम जोडली गेली तर वेग टिकेल का?

दूरध्वनी

वेगाचे उत्तर सोपे आहे. एकाच फायबरवरून अनेक घरांना जोडणी देणाऱ्या जीपॉन तंत्रात एका फायबरवर घराच्या दिशेने सुमारे 2.5 जीबीपीएस मिळतात आणि ते 32 किंवा 64 घरांत वाटले जातात. 64 घरांनी एकाच क्षणी पूर्ण जोर लावला तरी घरामागे 39 एमबीपीएसच्या आसपास उरतात, आणि सगळे एकाच क्षणी जोर लावत नाहीत. तुम्हाला अशा तीन शाखा पुरतील. अंतराचीही अडचण नाही, कारण हे तंत्र 20 किलोमीटरपर्यंत चालते. अडचण येईल ती पंचायतीपासून वर जाणाऱ्या जोडणीत. तिथे किती क्षमता घेतली आहे हे करारात पाहा आणि गणपतीच्या महिन्यात ती वाढवून मिळेल असे लिहून घ्या.

तार निवडताना चार-सहा धाग्यांची घेऊ नका, 24 धाग्यांची घ्या. ओढण्याची मजुरी तेवढीच पडते. उरलेले धागे उद्या मोबाईल टॉवरला देता येतील, आणि टॉवर हे महिनाकाठी नियमित भाडे देणारे गिऱ्हाईक असते.

तारवाला

छत्तीस हजारांत एक माणूस बसतो, दोन बसत नाहीत. त्यामुळे प्रत्येक गावातला एकेक तरुण निदान घरची वायर बदलण्याइतका शिकवून ठेवा आणि त्याला कामागणिक पैसे द्या. स्प्लायसिंगचे यंत्र लगेच विकत घेऊ नका, तालुक्याला ते रोजाने मिळते.

वादळाचे तुमचे म्हणणे खरे आहे. माझे मत असे की आज खांबांवरूनच तार न्या, पण ती तुटणार हे धरून चाला. एक किलोमीटर तारेचे जादा ड्रम पंचायतीत कोरड्या जागी ठेवा. वादळानंतर माल मिळायला जे पंधरा दिवस जातात ते त्याने वाचतील. यापुढे गावात रस्त्याचे, गटाराचे किंवा पाण्याचे कोणतेही काम निघाले की त्या चरात रिकामी नळी टाकायची, असा ठराव चारही ग्रामसभांत करून घ्या. नळीचा खर्च खोदाईच्या मानाने फारच थोडा असतो. महावितरणच्या खांबांसाठी त्यांच्या कार्यालयाची लेखी परवानगी आधी घ्या, आणि फक्त कमी दाबाच्या खांबांचाच विचार करा.

पावसाळा सुरू होण्याआधी सगळा मार्ग एकदा पायी चालून या आणि खांब मोजा. मोऱ्या कुठे आहेत, आंब्याच्या फांद्या कुठे खाली आल्या आहेत, आणि रस्ता ओलांडताना तारेला किती उंची मिळेल, हे वहीत लिहा. प्रत्येक जोडाजवळ दहा-पंधरा मीटर तारेचे वेटोळे ठेवायचे असते, ते धरून लांबी काढा. तुमचे सहा किलोमीटर साडेसहाच्या वर जातील असा माझा अंदाज आहे, त्यामुळे मुंबईच्या बैठकीत रक्कम सांगण्याआधी हे मोजमाप हातात असू द्या.